तुमच्या बोअरचं पाणी किती वर्षांचं? ट्रिटियमला विचारा

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात उन्हाळा लागला की बोअरच्या गाड्या रात्रंदिवस फिरतात. शेजारच्याचं बोअर आटलं की आपलं आणखी शंभर फूट खाली न्यायचं, हा दरवर्षीचा क्रम. पाण्याचा फवारा उडाला की घरादाराचा जीव भांड्यात पडतो. ते पाणी मागच्या पावसाळ्यात मुरलेलं आहे की पणजोबांच्या काळात, हे मात्र त्या घडीला कोणी विचारत नाही. विचारायला हवं. मागच्या काही पावसाळ्यांचं पाणी म्हणजे दरमहा येणारा पगार. शे-दोनशे वर्षांपूर्वीचं पाणी म्हणजे मोडायला काढलेली ठेव, आणि तिच्यात नव्यानं भरणा होण्याची आशा आपल्या हयातीत फार थोडी.

पाण्याचं हे वय ओळखायची खूण पाण्यातच असते. तिचं नाव ट्रिटियम. जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राचं पाणी समुद्रात सोडल्याच्या बातम्यांत आणि ‘कृत्रिम सूर्या’च्या मथळ्यांत हेच नाव येतं, आणि किरणोत्सारी म्हटल्यावर वाचणारा दचकतो. या सगळ्या बातम्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ट्रिटियम पाण्यात विरघळत नाही, ते स्वतःच पाणी होतं. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

एकाच आडनावाचे तीन भाऊ

हायड्रोजनच्या अणूच्या पोटात, म्हणजे केंद्रकात, एक प्रोटॉन असतो. साध्या हायड्रोजनमध्ये तेवढाच. ड्युटेरियममध्ये प्रोटॉनच्या जोडीला एक न्यूट्रॉन असतो, ट्रिटियममध्ये दोन. प्रोटॉन तिघांतही एकच, त्यामुळे ऑक्सिजनशी तिघंही सारखेच जुळतात आणि त्यांचं पाणी होतं. फरक वजनाचा. ट्रिटियम साध्या हायड्रोजनच्या तिप्पट जड.

ड्युटेरियम टिकाऊ आहे, ट्रिटियम नाही. त्याच्या केंद्रकातला एक न्यूट्रॉन कधी ना कधी प्रोटॉन होतो, एक वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो आणि मागे हेलियम-३ उरतो. या इलेक्ट्रॉनला बीटा कण म्हणतात. कोणता अणू कधी फुटेल हे सांगता येत नाही, पण गठ्ठ्याचा हिशेब पक्का असतो. दर १२.३ वर्षांनी उरलेल्यातले निम्मे संपतात. हे त्याचं अर्धायुष्य. आज १०० असतील तर १२ वर्षांनी ५०, २५ वर्षांनी २५, ३७ वर्षांनी साडेबारा.

पावसात ते येतं कुठून

अंतराळातून येणारे वैश्विक किरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात. त्यातून सुटलेले न्यूट्रॉन नायट्रोजनला धडकले की थोडं ट्रिटियम तयार होतं, ऑक्सिजनशी जुळून त्याचं पाणी बनतं आणि ते पावसाबरोबर खाली येतं. हे अखंड चालू आहे. तरी साऱ्या पृथ्वीवरचं निसर्गनिर्मित ट्रिटियम एकत्र केलं तर जेमतेम साडेतीन किलोच्या आसपास भरेल.

इतक्या विरळ गोष्टीसाठी मापही वेगळं लागतं. एकावर अठरा शून्यं इतक्या हायड्रोजन अणूंमागे ट्रिटियमचा एक अणू असेल, तर ते एक टीयू, म्हणजे ट्रिटियम एकक. एक टीयू असलेल्या लिटरभर पाण्यात ट्रिटियमचे सुमारे पावणेसात कोटी अणू असतात, आणि तरीही त्यातला एखादा फुटण्यासाठी सरासरी आठ सेकंद थांबावं लागतं. भारतात आजच्या पावसात हे प्रमाण साधारण एक आकडी टीयूत असतं.

मध्ये एक मोठी गडबड झाली. १९५२ पासून हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या हवेत होऊ लागल्या आणि पावसातलं ट्रिटियम वाढत गेलं. उत्तर गोलार्धात १९६३ च्या सुमारास ते शिगेला पोचलं. काही ठिकाणी हजारो टीयू मोजले गेले. त्याच वर्षी हवेतल्या चाचण्यांवर बंदीचा करार झाला आणि मग उतार सुरू झाला. मानवजातीनं केलेल्या या उद्योगाचा भूजल अभ्यासकांना मात्र उपयोग झाला. १९५२ च्या आधीचा पाऊस आणि नंतरचा पाऊस यांच्यात एक ठळक रेघ ओढली गेली.

बाटली भरताना

नमुना घेणं सोपं दिसतं, आणि चुका इथेच होतात. बोअरच्या नळीत साचून राहिलेलं पाणी खडकातलं नसतं, ते आधी काढून टाकावं लागतं. साडेसहा इंची बोअरमध्ये फुटाला साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं. नळीत दोनशे फूट पाणी उभं असेल तर झाले १,३०० लिटर. नियम असा की याच्या तिप्पट, म्हणजे सुमारे ३,९०० लिटर उपसून मगच बाटली लावायची. पंप सेकंदाला दीड लिटर फेकत असेल तर पाऊण तास. त्याआधी भरलेली बाटली वाया गेली असं समजा.

लिटरभराची काचेची किंवा जाड प्लास्टिकची घट्ट झाकणाची बाटली घ्यावी. त्याच पाण्यानं दोनतीनदा विसळून ती काठोकाठ भरावी, वर हवा ठेवू नये, कारण हवेतल्या बाष्पात आजच्या पावसाचं ट्रिटियम असतं. आम्ल किंवा औषध काही टाकायचं नाही, गाळायचंही नाही. बोअरचा क्रमांक, खोली, केसिंग (वरची माती ढासळू नये म्हणून बसवलेली नळी) किती फूट, पंप किती फुटांवर आणि तारीख हे बाटलीवरच लिहावं.

आणि मनगट तपासावं. अंधारात बॅटरीशिवाय उजळणाऱ्या काही घड्याळांच्या आणि होकायंत्रांच्या नळ्यांत ट्रिटियम वायूच भरलेला असतो. असं घड्याळ घालून नमुना घेतला तर त्यातून झिरपलेला अंश बोअरच्या पाण्याला उगाच तरुण ठरवू शकतो.

प्रयोगशाळेत काय होतं

ट्रिटियमचा बीटा कण इतका दुबळा की काचेतूनही बाहेर पडत नाही. म्हणून पाणी एका खास द्रवात मिसळतात. हा द्रव बीटा कण लागला की क्षणभर चमकतो आणि यंत्र त्या चमका मोजतं. अडचण अशी की पाच टीयूच्या दहा मिलिलिटर पाण्यात एक अणू फुटायला सरासरी पावणेतीन मिनिटं लागतात, आणि यंत्राची स्वतःची खोटी टिकटिक त्याहून जास्त असते. त्यामुळे आधी पाणी आटवावं लागतं, पण चुलीवर नव्हे.

पाणी ऊर्ध्वपातनानं शुद्ध करून थंड घटात ठेवतात आणि त्यातून वीज सोडतात. विजेनं पाण्याचं विघटन होतं तेव्हा हलका हायड्रोजन भराभर वायू होऊन निघून जातो, जड ट्रिटियम मागे रेंगाळतं. मळणीनंतर गहू वाऱ्यावर उफणतात तेव्हा भूस उडतं आणि दाणा खाली पडतो, तसंच. अर्धा लिटर पाणी वीसेक मिलिलिटरवर येईतो ट्रिटियमची दाटी जवळपास वीसपट होते. याला आठवडाभर किंवा जास्तही लागतो. मग मोजणी, तीही नमुन्यामागे कित्येक तास. घाईनं मिळालेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

आकडा वाचायचा कसा

अर्ध्या टीयूच्या खाली निकाल आला तर उत्तर स्पष्ट असतं. १९५२ च्या आधी पाच टीयूचा पाऊस मुरला असं धरलं, तरी त्यातलं आज ०.१ टीयूसुद्धा उरत नाही. म्हणजे त्या पाण्यात गेल्या सत्तर वर्षांतला पाऊस जवळपास नाहीच. ते दोनशे वर्षांचं की दोन हजार वर्षांचं, हे ट्रिटियम सांगू शकत नाही; त्यासाठी कार्बन-१४ लागतो. पण शेतकऱ्याला निर्णयासाठी एवढं पुरेसं आहे. वरच्या नाल्यावर बंधारा बांधला म्हणून हे बोअर चारदोन वर्षांत भरेल, अशी अपेक्षा धरू नये. उपसा कमी करणं हाच तिथला खरा उपाय.

आकडा पावसाच्या जवळपास आला तर पाणी ताजं, पुनर्भरण जोरात, असं म्हणायचा मोह होतो. इथे दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा बॉम्बच्या काळाचा. समजा १९६३ साली २०० टीयूचा पाऊस मुरला. आज, पाच अर्धायुष्यांनंतर, त्यातले सहा टीयू उरतील. आजचा पाऊसही सहाचाच असेल तर साठ वर्षांचं पाणी आणि मागच्या वर्षीचं पाणी आकड्यावरून एकसारखंच दिसेल.

दुसरा खड्डा मिश्रणाचा, आणि आपल्याकडे हाच जास्त छळतो. नागपूरच्या पश्चिमेला बेसॉल्टचे थर आहेत. वर मुरूम, मग भेगाळ खडक, मग घट्ट काळा पाषाण, पुन्हा एखादा सच्छिद्र थर. पाणी भेगांतून येतं आणि एकच खोल बोअर असे दोनतीन थर टोचून जातं. अर्धं पाणी सहा टीयूचं ताजं आणि अर्धं शून्याचं जुनं आलं तर निकाल तीन. बारा वर्षांपूर्वी मुरलेल्या सहा टीयूच्या पाण्याचा निकालही तीनच. त्यातून केसिंग वरच्या मुरमापुरतीच असेल आणि तिच्या बाजूनं वरचं पाणी आत उतरत असेल, तर प्रत्यक्षात जुनं असलेलं पाणीही तरुण भासतं.

म्हणून एकट्या आकड्यावर निकाल देऊ नये. शेजारच्या उथळ विहिरीचा आणि त्याच पट्ट्यातल्या पावसाचा नमुना सोबत हवाच. ट्रिटियम फुटून झालेलं हेलियम-३ मोजता आलं तर वय थेट काढता येतं, पण तो वायू उघड्या विहिरीतून उडून जातो. त्याचा नमुना तांब्याच्या नळीत दोन्ही टोकं चेपून घ्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही. ताजं पाणी म्हणजे चांगलं पाणी असं नाही. पाऊस लवकर खाली पोचतो तशी शेतातली नत्र खतंही लवकर पोचतात. ट्रिटियम भरपूर निघालं तर त्या पाण्याची नायट्रेट तपासणी आधी करावी.

काळ्या मातीत पाऊस किती मुरतो

वय ओळखण्यापलीकडे ट्रिटियम मुद्दाम टाकूनही वापरतात. पावसाळ्याआधी जमिनीत साठ-सत्तर सेंटिमीटर खोल काही मिलिलिटर ट्रिटियमयुक्त पाणी सोडतात. पावसाचं नवं पाणी वरून येतं तसं आधीचं खाली ढकललं जातं, आणि खुणेचा थरही सरकतो. पावसाळा संपल्यावर तिथेच चारपाच मीटर खोल मातीचा गाभा काढतात, दहा-वीस सेंटिमीटरचे तुकडे करतात आणि प्रत्येकातली ओल आणि ट्रिटियम मोजतात. खूण ६० सेंटिमीटरवरून १६० वर गेली आणि मातीत आकारमानानं १२ टक्के ओल असेल, तर १०० सेंटिमीटरच्या १२ टक्के, म्हणजे १२० मिलिमीटर पाणी खाली गेलं. पावसाळ्यात हजार मिलिमीटर पाऊस झाला असेल तर हे झाले १२ टक्के.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं देशभरात या पद्धतीनं केलेल्या मोजण्यांत पावसाच्या साधारण ४ ते २० टक्के पाणी भूजलापर्यंत पोचताना दिसलं. बाकीचं वाहून जातं, उडून जातं किंवा पिकं पितात.

विदर्भाच्या काळ्या मातीत ही पद्धत जपून वापरावी लागते. मे महिन्यात या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी थराथरानं न उतरता भेगांतून सरळ खाली जातं, खुणेचा थर जागेवर राहतो आणि पुनर्भरण प्रत्यक्षाहून कमी दिसतं. भेगा मिटल्यावर चित्र उलटं होतं. माती फुगून पाणी अडवते. एकाच शेतात दोनचार ठिकाणी खुणा टाकल्याशिवाय इथला आकडा धरू नये.

किरणोत्सारी आहे, मग पिण्याच्या पाण्यात चालतं का?

ट्रिटियमचा बीटा कण हवेत जेमतेम सहा मिलिमीटर जातो आणि आपल्या कातडीचा वरचा मृत थरही ओलांडू शकत नाही. बाहेरून त्याचा त्रास नाही. प्रश्न आहे तो पोटात गेल्यावरचा.

मोजण्याचं एकक बेकरेल. सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकरेल. पाच टीयूच्या पाण्यात लिटरला सुमारे ०.६ बेकरेल असतात. आपल्या शरीरातल्या नैसर्गिक पोटॅशियममुळे आपल्यात कायम चार हजारांच्या आसपास बेकरेल असतात. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यासाठी ट्रिटियमची मार्गदर्शक पातळी लिटरला १०,००० बेकरेल ठेवली आहे. असं पाणी वर्षभर रोज दोन लिटर प्यायलं तर ०.१३ मिलिसिव्हर्टच्या आसपास मात्रा मिळते. मिलिसिव्हर्ट हे शरीराला बसणाऱ्या किरणोत्साराचं माप. जगात माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. अमेरिकेची मर्यादा ७४० बेकरेल आहे, युरोपात १०० बेकरेलवर चौकशी सुरू होते. आकड्यांत इतका फरक आहे तो कोणी किती खबरदारीचं धोरण ठेवलं त्यामुळे.

पावसातल्या ट्रिटियमला भिण्याचं काही कारण नाही. पण म्हणून ट्रिटियम निरुपद्रवी, असंही म्हणू नये. एक ग्रॅम शुद्ध ट्रिटियममध्ये सेकंदाला ३५७ लाख कोटी अणू फुटतात. तेच पाणी होऊन पोटात गेलं तर शरीरभर पसरतं.

आरओ लावलं तर निघेल?

नाही. आरओ, उकळणं, तुरटी, कोळसा, अतिनील दिवा, कशानंही नाही. ही साधनं पाण्यातून परकी गोष्ट वेगळी करतात. ट्रिटियमच्या बाबतीत परकी गोष्ट पाणीच आहे.

याच गुणाचा एक फायदाही आहे. ते पाण्याच्या वाटेनं आत जातं तसं पाण्याच्याच वाटेनं बाहेर पडतं. साधारण दहा दिवसांत निम्मं लघवी-घामावाटे जातं, आणि भरपूर पाणी प्यायलं की आणखी लवकर. थोडा अंश शरीराच्या सेंद्रिय घटकांत अडकतो आणि जास्त दिवस राहतो. २००९ च्या नोव्हेंबरात कर्नाटकातल्या कैगा अणुवीज केंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम असलेलं जड पाणी मिसळलं गेलं होतं. पन्नासच्या वर कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या लघवी तपासणीत ते उघड झालं. ही तपासणी नेमानं होत होती म्हणूनच कळलं. चव, रंग, वास यांवरून कधीच कळलं नसतं.

जड पाणी म्हणजे ड्युटेरियमचं पाणी. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या संचासारख्या अणुभट्ट्यांत ते वापरतात. भट्टीतला न्यूट्रॉन ड्युटेरियमनं पकडला की ट्रिटियम होतं, म्हणून अशा केंद्रांत त्याच्यावर कायम लक्ष ठेवावं लागतं.

मग जपाननं ते समुद्रात कसं सोडलं?

फुकुशिमात साठलेल्या सुमारे १३ लाख टन पाण्यातून गाळणी यंत्रणेनं सीझियम, स्ट्रॉन्शियम वगैरे काढले. ट्रिटियम निघेना, कारण वर सांगितलं तेच. ऑगस्ट २०२३ पासून ते पाणी समुद्राच्या पाण्यात मिसळून, लिटरला १,५०० बेकरेलच्या खाली आणून सोडतात. वर्षाची मर्यादा २२ लाख कोटी बेकरेल. आकडा ऐकून छाती दडपते, पण वजनात ते ट्रिटियम ग्रॅमच्या सोळाव्या भागाएवढं आहे. माझ्या मते तिथे डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं ते ट्रिटियमकडे नव्हे, तर सीझियम-स्ट्रॉन्शियमची गाळणी प्रत्येक टाकीत नीट झाली का याकडे. सीझियम माशांच्या मांसात साठतं, स्ट्रॉन्शियम हाडांत.

उजेड आणि कृत्रिम सूर्य

घड्याळातल्या नळीत ट्रिटियम वायू असतो आणि काचेला आतून चमकणाऱ्या पदार्थाचा लेप असतो. बीटा कण लेपावर आदळतात, लेप उजळतो. वीज नको, ऊन नको. बारा वर्षांनी उजेड निम्मा होतो. नळी फुटली तर खिडक्या उघडून खोलीबाहेर जावं, काच उघड्या हातानं गोळा करू नये, नंतर हात धुवावेत. वायूरूपातलं ट्रिटियम शरीरात फार थोडं शोषलं जातं. पाण्याच्या रूपातल्या तेवढ्याच ट्रिटियमपेक्षा त्याची मात्रा सुमारे दहा हजार पट कमी असते.

‘कृत्रिम सूर्य’ म्हणतात ती संलयनाची भट्टी. संलयनात ड्युटेरियम आणि ट्रिटियम एकत्र येऊन हेलियम आणि न्यूट्रॉन बनतात आणि प्रचंड ऊर्जा सुटते. ब्रिटनमधल्या ‘जेट’ (JET) नावाच्या संलयन यंत्रानं २०२३ मध्ये ०.२ मिलिग्रॅम इंधनातून ६९ मेगाज्यूल मिळवले. ड्युटेरियम समुद्रात हवं तेवढं आहे, ट्रिटियमची मात्र वानवा आहे. एक गिगावॅट उष्णता देणारं केंद्र वर्षभर चालवायला सुमारे ५६ किलो ट्रिटियम लागेल, आणि ठेवलेला साठाही दरवर्षी साडेपाच टक्क्यांनी आपोआप घटतो. म्हणून भट्टीभोवती लिथियमचं अस्तर देऊन, सुटणाऱ्या न्यूट्रॉनकडूनच नवं ट्रिटियम बनवायची योजना आहे. ते खर्चापेक्षा जास्त बनतं का, यावर पुढचं सगळं अडलं आहे.

गावानं करायचं असेल तर

एकट्या बोअरची एक बाटली पाठवून फारसं हाती लागत नाही. एका पाणलोटातली आठ-दहा ठिकाणं हवीत: उथळ विहिरी, मध्यम आणि खोल बोअर, एखादा झरा, आणि पावसाचं पाणी. नागपुरात केंद्रीय भूजल मंडळाचं विभागीय कार्यालय आहे, राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे. सुरुवात तिथे विचारून करावी. ट्रिटियमची बारीक मोजणी भाभा अणुसंशोधन केंद्र किंवा रुडकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था अशा ठिकाणी होते. पहिला नमुना मे महिन्यात, दुसरा दिवाळीनंतर, त्याच बोअरमधून. मधल्या काळात पंप खाली उतरवला असेल तर ते बाटलीवर लिहा. पंप दुसऱ्या थरासमोर गेला असेल तर दोन आकड्यांतला फरक पावसाचा नसून खोलीचा असू शकतो.